लाइट गेल्यावर अर्ध्या तासाने पेटणारा ट्रबल दिवा : अलार्म पॅनेलच्या कम्युनिकेशन सेटिंगमधला दोष कसा शोधावा

चोरीच्या अलार्मची पॅनेले बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. कीपॅडवरचा पिवळा ट्रबल दिवा रात्री पेटतो, दर दहा सेकंदांनी दोनदा आवाज येत राहतो, आणि सकाळी आपण पोहोचेपर्यंत दिवा विझून सगळे सुरळीत झालेले असते. मग कोणी बॅटरी बदलतो, कोणी पॅनेलची वीज काढून पुन्हा लावतो, कोणी टेलिफोनची वायर नव्याने आवळतो, आणि चार दिवसांनी त्याच शाखेतून किंवा शेजारच्या शाखेतून पुन्हा फोन येतो. या तक्रारीमागे पॅनेलचा दोष क्वचितच असतो. पॅनेल आणि देखरेख केंद्र यांच्यातले संभाषण कुठल्या पायरीवर तुटते हे न पाहता सेटिंग बदलत राहिल्यामुळे ती महिनोन्महिने टिकते. आमच्याकडे असे एक प्रकरण जवळजवळ तीन महिने चालले, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

कराड परिसरातील एका पतसंस्थेच्या नऊ शाखांमध्ये डीएससी कंपनीच्या पॉवरसिरीज मालिकेतील १८३२ ही पॅनेले आहेत. ती सर्व पुण्यातील एका देखरेख केंद्राला टेलिफोन लाइनवरून कॉन्टॅक्ट आयडी या पद्धतीने संदेश पाठवतात. तक्रार अशी होती की कधी या शाखेत, तर कधी त्या शाखेत ट्रबल दिवा पेटतो, आणि * २ दाबून पाहिले की चार नंबर दिसतो. पॉवरसिरीजमध्ये * २ दाबल्यावर दिसणाऱ्या आकड्यांचा अर्थ ठरलेला आहे. दोन म्हणजे वीज नाही, तीन म्हणजे टेलिफोन लाइनमध्ये बिघाड, चार म्हणजे संदेश पोहोचवण्यात अपयश, आठ म्हणजे घड्याळ चुकलेले. म्हणजे पॅनेल स्वतःच सांगत होते की मला बोलायचे होते, पण पलीकडे कोणी ऐकले नाही. आम्ही मात्र तीन नंबर दिसत नाही म्हणून लाइन ठीक आहे असे गृहीत धरले आणि पॅनेलमध्येच दोष शोधत राहिलो.

प्रकरणाला दिशा मिळाली ती एका शाखेच्या रखवालदार काकांमुळे. चौथ्या फेरीला ते मला म्हणाले, "साहेब, लाईट गेली की अर्ध्या तासानं हे पिवळं पेटून वाजाय लागतंय. आधी नुसतं पेटतंय, मग अर्ध्या तासानं आणि एकदा वाजतंय. मी घड्याळ बघूनच सांगतोय." लाइट गेल्यावर लगेच पेटणारा दिवा दोन नंबरचा, म्हणजे विजेचा असतो आणि त्यात नवल काही नाही. पण बरोबर अर्ध्या तासाने दुसरे काहीतरी घडते, हे आमच्यापैकी कोणाच्याही नोंदीत नव्हते. पॉवरसिरीजच्या ३७७ या सेक्शनमध्ये (सेक्शन म्हणजे पॅनेलच्या प्रोग्रॅमिंगमधला क्रमांक दिलेला कप्पा) संदेशवहनाची बरीच मूल्ये एकामागून एक भरलेली असतात, आणि त्यांतील वीज गेल्याचा संदेश किती मिनिटांनी पाठवायचा हे मूल्य कारखान्यातून ०३० असे येते. काकांच्या घड्याळातला अर्धा तास तो हाच.

त्यानंतर मी एका रात्री शाखेत थांबलो. सव्वाअकराला फीडर, म्हणजे शाखेला वीज पुरवणारी वाहिनी, गेला. पॅनेल आपल्या सात अँपिअर-अवरच्या बॅटरीवर नीट चालू राहिले, पण शेजारच्या भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्याचे, म्हणजे ओएनटीचे, सगळे दिवे त्याच क्षणी विझले. ही शाखा पूर्वी तांब्याच्या लाइनवर होती. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून साधारण ४८ व्होल्ट मिळत, आणि गावात अंधार असला तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर टेलिफोन जिवंत राहत असे. लाइन फायबरवर गेली तेव्हा नंबर तोच राहिला, टेलिफोनचा आवाजही सुधारला, त्यामुळे शाखेत काही बदलले आहे असे कोणालाच वाटले नाही. मात्र आता टेलिफोनला लागणारा विजेचा दाब शाखेतल्याच एका छोट्या अडॅप्टरमधून येत होता, आणि त्या अडॅप्टरच्या मागे बॅटरी नव्हती. पावणेबाराला पॅनेलने लाइन उचलली, मृत लाइनवर नंबर फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. सेक्शन १६५ मधील मूळ मूल्याप्रमाणे पाच प्रयत्न झाल्यावर त्याने चार नंबरचा ट्रबल दाखवला.

मग तीन नंबर का दिसला नव्हता? सेक्शन ०१५ मधील सातवा पर्याय टेलिफोन लाइनवर नजर ठेवण्याचा आहे. तो चालू असेल तर पॅनेल थोड्या थोड्या वेळाने लाइनवरचा दाब तपासते, आणि तो फारच कमी असल्याचे सलग काही वेळा आढळले की तीन नंबरचा ट्रबल देते. नऊच्या नऊ शाखांमध्ये हा पर्याय बंद केलेला होता. लाइट गेली की कीपॅड वाजतो अशी तक्रार पूर्वी कधीतरी आली असणार आणि आमच्यापैकीच कोणीतरी तो बंद करून आवाज थांबवला असणार. त्या दिवसापासून पॅनेल खरे कारण सांगू शकत नव्हते. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. सोनेतारणाचे दागिने ठेवलेली शाखा अंधाऱ्या रात्री देखरेख केंद्राच्या दृष्टीने पूर्ण मुकी होती, आणि त्या वेळी कोणी शटर उचकटले असते तर सायरन वाजला असता, पण पुण्याला काहीच कळले नसते. विजेचा संदेश न पोहोचणे हे केवळ वरवरचे लक्षण होते.

इतके कळल्यावर ओएनटीला बॅटरी लावली की काम संपले असे वाटले, आणि एका शाखेत तशी सोय करून पाहिलीही. त्या शाखेत लाइट गेल्यावरचा संदेश पोहोचला. पण दोनच दिवसांनी लाइट परत आल्यानंतर अर्ध्या तासाने तिथे चार नंबरचा ट्रबल आला. ओएनटी त्या वेळी जिवंत होता, लाइनवर डायल टोनही होता. याचे उत्तर देखरेख केंद्राच्या नोंदींमध्ये सापडले. ३७७ मधील तीच तीस मिनिटे वीज परत आल्याच्या संदेशालाही लागू होतात. आमच्या नऊ शाखांपैकी सात एकाच उपकेंद्रावर आहेत, वीज सातही ठिकाणी एकाच क्षणी येते, आणि सेटिंग तंतोतंत सारखे असल्यामुळे सातही पॅनेले एकाच मिनिटाला पुण्याचा एकच नंबर फिरवतात. तिथे त्या नंबरावर दोन लाइनी होत्या. पहिल्या दोन शाखांचा संदेश जायचा आणि उरलेल्या पाचांना लाइन व्यस्त मिळायची. पलीकडून उत्तर येण्याची वाट पाहण्याचा वेळही सगळीकडे सारखाच, सेक्शन १६६ मध्ये चाळीस सेकंद, त्यामुळे पुढचे प्रयत्नही बरोबरीनेच होत आणि पुन्हा एकमेकांना अडवत. कोणती शाखा अपयशी ठरेल हे रोज वेगळे, म्हणून तक्रार आज इथून आणि उद्या तिथून. एका शाखेचे प्रोग्रॅमिंग उत्तम जमले म्हणून तेच जसेच्या तसे सर्व शाखांमध्ये उतरवण्याची सवय सोयीची खरी, पण वेळ मोजणारी मूल्ये तरी प्रत्येक शाखेत वेगळी ठेवायलाच हवीत.

दुरुस्ती अशी केली. वीज गेल्याच्या संदेशाचा विलंब शाखेगणिक तीन तीन मिनिटांनी वेगळा केला, पहिल्या शाखेत ०१०, दुसरीत ०१३, तिसरीत ०१६, आणि असेच नवव्या शाखेत ०३४ पर्यंत. चाचणी संदेशाची वेळ सेक्शन ३७८ मध्ये चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे चार अंकी भरतात. ती सर्व शाखांमध्ये मध्यरात्रीची होती, तीही दहा दहा मिनिटांच्या अंतराने पसरवली. चाचणीचे अंतर मुळात तीस दिवसांचे येते, ते ३७७ मध्येच एक दिवसाचे केले. महिन्यातून एकदा लाइन तपासणाऱ्या पॅनेलची लाइन चाचणीच्या दुसऱ्या दिवशी तुटली, तर एकोणतीस दिवस कोणाला पत्ता लागत नाही. सेक्शन ३०२ रिकामा होता, तिथे देखरेख केंद्राच्या वेगळ्या लाइनचा नंबर भरला. आणि ०१५ मधील सातवा पर्याय सगळीकडे पुन्हा चालू केला.

ओएनटीच्या बॅटरीबद्दल एक सूचना. ओएनटीला बहुधा बारा व्होल्ट लागतात आणि पॅनेलच्या ऑक्स टर्मिनलवरही, म्हणजे सेन्सरांना वीज देणाऱ्या जोडावरही, साधारण तेवढेच मिळतात, म्हणून अनेक जण तिथूनच वायर ओढतात. ऑक्सची मर्यादा या वर्गातील पॅनेलांमध्ये साधारण ५०० ते ७०० मिलिअँपिअर असते. त्यातून मोशन सेन्सर, काच फुटण्याचे सेन्सर आणि कीपॅड आधीच चालत असतात, आणि ओएनटीच्या अडॅप्टरवर पुष्कळदा एक अँपिअर लिहिलेले असते. असा भार टाकला तर लाइट गेल्यावर टेलिफोन आणि अलार्म दोन्ही लवकर झोपतात. राउटरसाठी मिळणारा स्वतंत्र बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा आणि तो कुलूपबंद डब्यात बसवावा.

लाइन जिवंत असूनही संदेश जात नसेल तर

आमच्या प्रकरणात लाइन मृत होती किंवा व्यस्त होती. पण लाइनवर टोन आहे, पलीकडची लाइन मोकळी आहे, तरीही चार नंबर येतो, अशी प्रकरणेही भरपूर असतात. तिथे प्रोग्रॅमिंगला हात लावण्यापूर्वी टेस्ट फोन लाइनवर समांतर लावावा, त्याचा माइक बंद करून नुसते ऐकावे, आणि * ६, मास्टर कोड, ४ असे दाबून सिस्टिम टेस्ट सुरू करावी. चाचणी संदेश नेमून दिलेला असेल तर पॅनेल तो पाठवते. देखरेख केंद्राला आधी कळवायला विसरू नये. कानाला जे ऐकू येते त्यावरून चूक कोणत्या सेटिंगमध्ये आहे हे पुष्कळसे ठरते.

सगळे सुरळीत असेल तर पुढीलप्रमाणे ऐकू येते. लाइन उचलल्याचा टक असा आवाज, डायल टोन, नंबराचे सूर, पलीकडे एक-दोन रिंग, मग पलीकडून दोन छोट्या शिट्ट्या, पहिली १४०० हर्ट्झची आणि दुसरी २३०० हर्ट्झची, प्रत्येकी साधारण एकदशांश सेकंद. हा हँडशेक. तो ऐकला की पॅनेल सोळा सुरांची एक जलद सर सोडते, ती दीड-पावणेदोन सेकंदांत संपते, आणि उत्तरादाखल पलीकडून १४०० हर्ट्झचा एक लांब सूर येतो, पाऊण ते एक सेकंदाचा. तो किस-ऑफ, म्हणजे संदेश मिळाल्याची पोच. पोच मिळाली नाही तर पॅनेल तीच सर पुन्हा पाठवते, आणि एका कॉलमध्ये चार वेळा पाठवूनही पोच आली नाही तर फोन ठेवते.

त्या सोळा सुरांत काय असते हे एकदा कागदावर मांडून पाहिले की बऱ्याच चुका आपोआप समजतात. समजा शाखेचा खाते क्रमांक २०४० आहे आणि वीज गेली आहे. संदेश असा होतो : २०४० १८ १३०१ ०० ००० ५. पहिले चार अंक खात्याचे, १८ ही कॉन्टॅक्ट आयडीची खूण, पुढच्या १ चा अर्थ नवी घटना, ३०१ म्हणजे वीज गेली, ०० पार्टिशन (यंत्रणेचा विभाग), ००० झोन (सेन्सरची जागा), आणि शेवटचा ५ हा पडताळा. पडताळा काढताना सर्व अंकांची बेरीज पंधराने भाग जाईल अशी करायची असते, आणि इथे शून्याची किंमत दहा धरतात. वरच्या पंधरा अंकांची बेरीज शंभर होते, पुढची पंधराची पट एकशेपाच, म्हणून पडताळा पाच. वीज परत आली की १ च्या जागी ३ येतो, बेरीज एकशेदोन होते आणि पडताळा तीन. सुरांपैकी एक जरी वाटेत बिघडला तरी बेरीज जमत नाही आणि केंद्राचा रिसीव्हर पोच देत नाही.

शून्याची ही दहा किंमत प्रोग्रॅमिंगमध्येही आडवी येते. डीएससीच्या पुस्तिकेत कॉन्टॅक्ट आयडीसाठी खाते क्रमांकातील शून्याच्या जागी हेक्स ए हा अंक भरायला सांगितले आहे (हेक्स म्हणजे नऊच्या पुढे ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून वापरणारी पद्धत). म्हणजे सेक्शन ३१० मध्ये २०४० ऐवजी २, ए, ४, ए असे भरायचे. ए हा अंक कीपॅडवर *, १, * अशा क्रमाने दाबून येतो, बी साठी मधला आकडा २, आणि असेच पुढे एफ साठी ६. खाते चार अंकीच असल्यामुळे उरलेल्या दोन जागा एफ एफ राहू द्याव्यात. नवीन शाखेत हँडशेक ऐकू येतो, सुरांची सरही जाते, पण केंद्राकडे त्या शाखेची नोंद सापडत नाही, असे झाले तर सर्वांत आधी ३१० तपासावा. त्यानंतर ३५० तपासावा. तिथे ०३ म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी आणि ०४ म्हणजे एसआयए ही संदेशाची दुसरी पद्धत. रिसीव्हर एका भाषेत आणि पॅनेल दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर हँडशेकपाशीच गाडी अडते. टेस्ट फोनवर वेगळीच शिट्टी ऐकू येते आणि पॅनेल गप्प बसून राहते.

डायल टोन आहे, पण पॅनेल नंबर फिरवायला वेळ लावते किंवा फिरवतच नाही, असे दिसले तर सेक्शन ३०१ मधला पहिला अंक पाहावा. तिथे कारखान्यातून हेक्स डी येतो, आणि त्याचा अर्थ डायल टोनची वाट पाहा. ही पॅनेले मुळात उत्तर अमेरिकेतील, आणि तिकडचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा मिळून बनतो. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने थरथरणारा असतो. शिवाय फायबरच्या डब्यातून येणारा टोन त्या डब्यात कोणता देश निवडला आहे त्यावर ठरतो. पॅनेलला टोन ओळखू येत नाही असे वाटले तर डी च्या जागी हेक्स ई, म्हणजे दोन सेकंदांचा थांबा, भरून पाहावे. शाखेत इंटरकॉम असेल आणि बाहेरची लाइन ० किंवा ९ दाबून मिळत असेल तर तो अंक, त्यानंतर ई आणि मग पुढचा नंबर असे भरावे. अर्थात अलार्मची लाइन इंटरकॉममधून न नेता थेट आणणे केव्हाही चांगले.

याच ठिकाणी कॉल वेटिंग रद्द करण्याची सोयही तपासावी. सेक्शन ३०४ मध्ये डी, बी, ७, ०, ई, एफ अशी ओळ आधीच भरलेली असते. बी म्हणजे * ही खूण, म्हणून पॅनेल नंबराआधी *७० फिरवते. तिकडे त्याने कॉल वेटिंग बंद होते, पण आपल्या लाइनवर तो अर्थहीन आहे आणि त्यानंतर पुष्कळदा व्यस्त टोनच मिळतो. कोणी हौसेने तो पर्याय चालू केला असेल तर बंद करावा, आणि लाइनवर कॉल वेटिंग असेल तर ते सेवा देणाऱ्याकडूनच काढून घ्यावे. सुरांची सर चालू असताना कॉल वेटिंगचा एक टूं आवाज मधे पडला तरी पडताळा चुकतो, आणि हा दोष दिवसा, फोन येण्याच्या वेळातच दिसतो.

मोबाइल नंबर फिरवणाऱ्या पॅनेलांचे आणि व्हॉइस डायलरांचे, म्हणजे फोन लावून ध्वनिमुद्रित संदेश ऐकवणाऱ्या उपकरणांचे, एक जुने दुखणे अजूनही कुठे कुठे भेटते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. त्यापूर्वी भरलेला दहा अंकी नंबर तसाच राहिला असेल तर पॅनेलला फक्त ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, आणि अर्थातच ती त्याला समजत नाही. मालक मात्र शपथेवर सांगतो की नंबर बदललेला नाही, आणि ते खरेच असते.

फायबरवरचे बिघडलेले सूर

हँडशेक येतो, सर जाते, पोच येत नाही, पॅनेल पुन्हा पाठवते, तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादा संदेश स्वीकारला जातो, असा प्रकार असेल तर सूर वाटेत खराब होत आहेत असे समजावे. फायबरवर आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटच्या पाकिटांमधून पाठवतात. त्यासाठी जी.७११ ही पद्धत वापरली असेल तर सूर बहुधा शाबूत पोहोचतात. जी.७२९ सारखी दाबून लहान करणारी पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे आणि तीत अलार्मचे सूर ओळखू येण्यापलीकडे बिघडू शकतात. त्यात भर म्हणून काही डबे सूर ओळखून आवाजातून काढून टाकतात, त्याची वेगळी खूण पाठवतात आणि पलीकडे सूर नव्याने वाजवतात. पॅनेलचा एकेक सूर केवळ ५० ते ६० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे या काढघालीत एखादा गळतो किंवा दोनदा वाजतो. हे पॅनेलच्या कोणत्याही सेक्शनमधून दुरुस्त होत नाही. सेवा देणाऱ्याला सांगून त्या लाइनवर जी.७११ आणि सूर आवाजातूनच पाठवण्याची पद्धत लावून घ्यावी लागते. तक्रार करताना अलार्म हा शब्द टाळून फॅक्स आणि टोन पोहोचत नाहीत असे सांगितले तर समोरच्याला लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

सिमकार्ड घालून लँडलाइनसारखा टोन देणारे डबे याहून वाईट. मोबाइलची आवाजाची पद्धतही दाबून लहान करणारीच असल्यामुळे त्यांच्यावरून कॉन्टॅक्ट आयडीचे सूर भरवशाने जात नाहीत. एसएमएस पाठवणाऱ्या डायलरची गोष्ट वेगळी. पण त्यातला मोड्यूल फक्त टूजीचा असेल तर जिओचे सिम तिथे कधीच चालणार नाही, कारण त्या कंपनीचे टूजी जाळेच नाही.

शक्य असेल तिथे टेलिफोन सोडून इंटरनेटवरून संदेश पाठवणारा कम्युनिकेटर बसवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यातही वारंवार येणारा एक दोष आधीच सांगून ठेवतो, कारण तो नेमका लाइट गेल्यावरच दिसतो. एसआयए डीसी-०९ या पद्धतीत कूटबद्ध संदेशावर वेळेचा शिक्का असतो, तो ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे असावा लागतो, आणि रिसीव्हर आपल्या घड्याळापेक्षा वीस सेकंद पुढे ते चाळीस सेकंद मागे इतकाच फरक चालवून घेतो. कम्युनिकेटरमध्ये ग्रिनिचच्या जागी भारतीय वेळ बसली तर संदेश साडेपाच तास पुढचा ठरतो आणि नाकारला जातो. नकाराबरोबर रिसीव्हर आपली वेळ कळवतो आणि बरीच उपकरणे त्यावरून घड्याळ सुधारून पुन्हा पाठवतात. म्हणून पहिला संदेश नाकारला गेला आणि दुसरा गेला, अशी नोंद दिसते. वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर घड्याळ शून्यावर येणाऱ्या पॅनेलांमध्ये हे प्रत्येक मोठ्या वीजखंडानंतर होते. घड्याळ नेटवरून जुळवण्याची सोय असेल तर चालू करावी, आणि वेळेचा विभाग फक्त एकाच जागी भरावा. पॅनेलमध्ये आणि कम्युनिकेटरमध्ये दोन्हीकडे साडेपाच तास जोडलेले मी पाहिले आहेत.

वायरिंगबद्दल थोडक्यात. बाहेरून आलेली लाइन आधी पॅनेलच्या टिप आणि रिंग या दोन टर्मिनलांना यावी आणि शाखेचे फोन टी-१ आणि आर-१ वरून पुढे जावेत. उलटे किंवा समांतर जोडले तर कोणी फोनचा रिसीव्हर क्रेडलवर नीट न ठेवल्याने पॅनेलला लाइन मिळत नाही. दुरुस्तीला आलेल्या टेलिफोनच्या माणसाने लाइन थेट फोनला जोडून दिली आणि पॅनेल बाजूला पडले, हे फायबर बसवताना सर्रास घडते. लाइन बदलली की त्याच दिवशी चाचणी संदेश पाठवून केंद्राकडून पोच घ्यावी.

सेटिंग बदलताना एका वेळी एकच मूल्य बदलावे आणि जुने मूल्य वहीत लिहून ठेवावे. आमच्या तीन महिन्यांतील निम्मा वेळ कोणी काय बदलले याचा माग काढण्यात गेला. आता प्रत्येक शाखेच्या पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ३०१, ३०२, ३१०, ३५०, ३७७ आणि ३७८ मधील मूल्ये, बदलल्याची तारीख आणि बदलणाऱ्याची सही असते. ३५१ ते ३७६ या सेक्शनांमध्ये कोणता संदेश कोणत्या नंबराला जायचा हे ठरते. तिथे हात लावायची वेळ आली नाही तरी तेही उतरवून ठेवावेत, कारण एखादा संदेश मुळात कोणत्याच नंबराला नेमलेला नसेल तर पॅनेल तो पाठवत नाही आणि ट्रबलही देत नाही.

दुरुस्तीनंतर फीडर पहिल्यांदा गेला तेव्हा मी देखरेख केंद्राकडून त्या रात्रीच्या नोंदी मागवल्या. सात शाखांचे १३०१ तीन तीन मिनिटांच्या अंतराने ओळीने आलेले होते, आणि वीज परत आल्यावर ३३०१ ही त्याच क्रमाने. रखवालदार काकांच्या शाखेत रात्रभर दोन नंबरखेरीज काही पेटले नाही. दोन शाखांमध्ये अजून तीन नंबरचा ट्रबल येतो. तिथे शाखेतला ओएनटी बॅटरीवर चालू राहतो, पण गावातल्या केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यालाच बॅटरी नाही, त्यामुळे लाइन खरोखर जाते. त्या दोन ठिकाणी तो दिवा बंद करू नये असे शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे, आणि मोबाइल डेटावर चालणारे कम्युनिकेटर तिथे बसवायचे ठरले आहे.